कॉफीपर्यंत सायकलने: पानगळीच्या दिवसांत मित्रासोबतची निवांत फेरी कशी आखावी

पानगळीच्या दिवसांत सायकल बाहेर काढायला मोठं कारण लागत नाही. हवा गार झालेली असते पण बोचत नाही, ऊन अंगावर घ्यावंसं वाटतं, आणि रस्त्याच्या कडेने पिवळ्या-तांबड्या पानांचा थर साचलेला असतो. मित्राला फोन करायचा, "उद्या कॉफीला सायकलने जाऊ या का?" म्हणायचं, एवढंच. अशा बऱ्याच फेऱ्या केल्यावर माझं एक मत पक्कं झालंय: फेरी आखायची ती परतीपासून. जाताना पाय ताजे असतात, उजेड भरपूर असतो, अंग हळूहळू गरम होत जातं. जे काही चुकतं ते येताना चुकतं. घामाने ओला झालेला शर्ट, अंधारून आलेला रस्ता, दमून गप्प झालेला मित्र. म्हणून इथेही सुरुवात शेवटाकडूनच करतो.

आधी सूर्यास्ताची वेळ बघा

२२-२३ सप्टेंबरच्या सुमारास दिवस आणि रात्र जवळजवळ सारखे होतात आणि त्यानंतर उत्तर गोलार्धात दिवस झपाट्याने आखडू लागतो. दक्षिणेकडे हेच मार्चमध्ये घडतं. ५० अक्षांशाच्या आसपास या काळात दिवस रोज साडेतीन-पावणेचार मिनिटांनी लहान होतो, आणि दोन आठवड्यांत सूर्यास्त जवळपास अर्धा तास अलीकडे येतो. "मागच्या वेळी साडेपाचला छान उजेड होता" हा अंदाज त्यामुळेच फसतो. ज्या देशांत या मोसमात घड्याळं तासभर मागे घेतात, तिथे तर एका रात्रीत संध्याकाळ तासाने आधी होते.

समजा सूर्यास्त सहाला आहे. घरी सव्वापाचला पोचायचं, असं धरा. पाऊण तासाचा उजेड हातात राखून ठेवायचा, तो खर्च करायचा नाही. परतीचं अंतर १० किलोमीटर असेल तर ताशी १२ किलोमीटरच्या रमतगमत वेगाने ५० मिनिटं लागतात. त्यात एका पंक्चरसाठी २५ मिनिटं मिळवा. म्हणजे दुकानातून चारला उठायचं. तासभर बसायचं तर तीनला पोचायचं. जाताना ५० मिनिटं सायकल आणि २५ मिनिटं थांबे, फोटो, गप्पा. निघायची वेळ आली पावणेदोन. हे गणित कागदावर दोन मिनिटांत होतं, आणि एकदा केलं की दुकानात बसल्यावर कुणाला सारखं घड्याळ बघावं लागत नाही.

माझी स्वतःची पसंती दुपारपेक्षा उशिराच्या सकाळीला आहे. अगदी पहाटे निघू नका. दव पडलेलं असतं, पानं भिजलेली असतात, आणि थंडी वाढली असेल तर लाकडी पुलांवर आणि सावलीतल्या वळणांवर बर्फाचा पातळ पापुद्रा धरलेला असू शकतो. नऊ-दहानंतर उन्हाने रस्ता बराचसा सुकतो. शिवाय परतीला उजेडाची काळजीच उरत नाही.

मित्राशी आधीच बोलून घ्या

अंतर ठरवताना दोघांतला जो कमी सायकल चालवतो त्याला विचारा, आणि तो जे सांगेल त्यातून थोडं कमी करा. माणूस भिडेपोटी जास्तच सांगतो. एकूण १५ ते २० किलोमीटर, म्हणजे एका बाजूने आठ-दहा, हे सवय नसलेल्यालाही झेपतं. महिनोन्‌महिने सायकलला हात लावला नसेल तर पाच-पाचवर या. कमी अंतराची फेरी कुणाला अपुरी वाटली तर पुढच्या वेळी वाढवता येते. जास्त अंतराने जो पोळला, तो पुढच्या वेळी येतच नाही.

त्याची सायकल कुठली आहे हेही विचारा. एकाकडे बारीक टायरची हलकी सायकल आणि दुसऱ्याकडे जाड टायरची जड सायकल असेल तर सारख्याच मेहनतीत वेग वेगळा पडतो. हलक्या सायकलवाल्याने ते मनाशी धरून ठेवायचं. कच्च्या रस्त्याचा तुकडा वाटेत असेल तर बारीक टायरवाल्याला आधी सांगायचं.

वाट कशी निवडावी

जवळची वाट आणि चांगली वाट बहुधा वेगळ्या असतात. नकाशावर जो रस्ता सरळ दिसतो त्यावर गाड्यांची वर्दळ असते, आणि तिथे शेजारीशेजारी चालवता येत नाही. या फेरीत मोल आहे ते शेजारी चालवत बोलण्याला, म्हणून दोन किलोमीटरचा फेरा पडला तरी नदीकाठची, बागेतली, वस्तीतल्या आतल्या गल्ल्यांची वाट धरा. दोन सायकली शेजारी चालवायला परवानगी आहे का, हे प्रत्येक ठिकाणच्या नियमांवर अवलंबून असतं. ते एकदा पाहून घ्या.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तुम्ही ताशी १५ने चालवताय आणि समोरून ताशी १५चा वारा आहे, तर हवेच्या दृष्टीने तुम्ही ताशी ३०ने चाललाय आणि विरोध चौपट झालाय. असा वारा जाताना समोरून घ्यायचा आणि येताना पाठीवर. एकाच दिशेला दोन पसंतीची दुकानं असतील तर प्रश्नच नाही, पण वेगवेगळ्या दिशांना असतील तर निवड वाऱ्यावर सोपवा. चढाचंही तसंच. चढ जाताना उरकून टाकला की परत येताना उतार मिळतो.

झाडांचं वेळापत्रक पाहायला विसरू नका. थंडी पडू लागली की पानांतलं हिरवं रंगद्रव्य मोडू लागतं आणि त्याखाली आधीपासून असलेला पिवळा, नारिंगी रंग वर येतो. लाल रंग मात्र बऱ्याच झाडांत त्याच दिवसांत नव्याने तयार होतो, आणि लख्ख उन्हाचे दिवस व गार पण न गोठणाऱ्या रात्री आल्या की तो गडद चढतो. असा आठवडा लागला की फेरी पुढे ढकलू नका. एका वादळी रात्रीत सगळी पानं खाली येतात.

आदल्या रात्री सायकल तपासा

निघायच्या वेळी तपासायला घेतली तर जे सापडेल ते दुरुस्त करायला वेळ नसतो. रात्री वीस मिनिटं काढा.

हवेपासून सुरुवात करा. टायरच्या बाजूला किमान आणि कमाल दाब छापलेला असतो, त्या मर्यादेत राहायचं. थंडीने दाब उतरतो: खोलीत २० अंशांना ६० पीएसआय भरलेलं टायर ५ अंशांच्या सकाळी ५६च्या आसपास दाखवतं. तरी भीतीपोटी ठणठणीत भरू नका. ओल्या, पानांनी भरलेल्या रस्त्यावर थोडं मऊ टायर पकड चांगली देतं. मात्र बोटाने दाबल्यावर सहज आत जात असेल तर ते फारच मऊ झालंय, खड्ड्यात ट्यूब रिमवर चेपून फाटेल.

मग ब्रेक. दांडी पूर्ण दाबल्यावर ती हँडलला टेकता कामा नये. रिमवर दाबणारे ब्रेक असतील तर रबराच्या खाचा अजून दिसताहेत ना ते बघा आणि रिम कोरड्या फडक्याने पुसा. पुढे चेन. जुनं काळं तेल फडक्याने पुसून काढायचं, पायडल उलटं फिरवत प्रत्येक कडीवर एकेक थेंब सोडायचा, पाच मिनिटं थांबायचं आणि बाहेरचं तेल पुन्हा पुसून टाकायचं. ही शेवटची पायरी बरेच जण गाळतात. तेल लागतं कडीच्या आत. बाहेर राहिलेलं तेल फक्त धूळ आणि पानांचा चुरा धरून ठेवतं.

सीटची उंची: सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा, पायडल सगळ्यात खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे. मग चालवताना पंजा पायडलवर आला की गुडघा हवा तेवढाच वाकतो. मित्राने सायकल उसनी आणली असेल तर त्याच्या सीटकडे तुम्ही स्वतः लक्ष द्या, गुडघे दुखण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण तेच असतं. शेवटी सायकल चार बोटं उचलून हलकेच खाली सोडा आणि कान द्या. काही खडखडलं तर ते शोधून आवळा.

दिवे चार्ज करा, पुढे पांढरा, मागे लाल. भर दुपारी निघणार असाल तरीही.

अंगावर काय, पिशवीत काय

घरातून बाहेर पडल्यावर पहिली दहा मिनिटं किंचित थंडी वाजली पाहिजे. दारातच उबदार वाटत असेल तर पहिल्या चढावर घाम फुटणार. एक जाड जाकीट घालण्यापेक्षा तीन पातळ थर घाला: अंगालगत घाम शोषून बाहेर टाकणारं किंवा लोकरीचं, वर एखादा स्वेटर, आणि त्यावर वारा अडवणारं पातळ जाकीट. सुती बनियन भिजलं की भिजलेलंच राहतं. लोकर ओली झाली तरी बऱ्यापैकी ऊब देते. बोटं आणि कान सगळ्यात आधी गारठतात, त्यामुळे हातमोजे आणि हेल्मेटखाली मावेल अशी पातळ कानपट्टी घ्या. गारठलेल्या बोटांनी ब्रेक नीट दाबता येत नाही, म्हणून हातमोज्यांकडे चैनीची वस्तू म्हणून पाहू नका.

पिशवीत सगळ्यात महत्त्वाचं काय, तर एक कोरडा शर्ट. दुकानात गेल्या गेल्या घामाने ओला शर्ट बदलला की तासभर आरामात बसता येतं. न बदलता बसलात तर उठताना पाठीत थंडी भरलेली असते आणि ती घरी येईपर्यंत जात नाही.

बाकी सामान थोडंच. पाण्याची बाटली, पंप, टायर काढायचे दोन प्लास्टिकचे लिव्हर, आणि प्रत्येकाची आपापल्या मापाची जास्तीची ट्यूब. माप टायरवरच लिहिलेलं असतं. तुमची ट्यूब मित्राच्या चाकाला बसेलच असं नाही, आणि व्हॉल्व्हही वेगळा असू शकतो, बारीक किंवा जाड. एकच पंप नेणार असाल तर तो दोन्हींना चालतो का ते घरी पाहा. पंक्चर झालं तर नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून फडकं फिरवा. काटा किंवा काच टायरमध्येच राहिली तर नवी ट्यूबही पाच मिनिटांत जाते.

रस्त्यावर: पानांपासून सावध

कोरडी पानं चाकाखाली कुरकुरतात तो आवाज या फेरीचा अर्धा आनंद आहे. ओली पानं मात्र निसरडी. पानाच्या पाठीवर मेणाचा थर असतो, खालची पानं कुजून चिकट झालेली असतात, आणि एकावर एक साचलेले थर एकमेकांवरून सरकतात. त्याहून वाईट म्हणजे पानांखाली काय दडलंय ते दिसत नाही. खड्डा, फुटपाथची कड, गटाराचं झाकण, सगळं एकसारखं सोनेरी दिसतं.

एकदा मी आणि माझा मित्र झाडांनी झाकलेल्या एका उतारावरून खाली येत होतो. वळणावर ओली पानं होती. मी सवयीने पुढचा ब्रेक दाबला, अगदी हलकाच, आणि पुढचं चाक माझ्या खालून निघून गेलं. कोपर सोललं आणि हँडल वाकडं झालं, त्यापलीकडे काही नाही. मागून मित्र येत होता, त्याने अंतर राखलं होतं म्हणून तो माझ्यावर आला नाही. तेव्हापासून पाळतो ते असं: ब्रेक पानांच्या आधी, कोरड्या रस्त्यावर लावून वेग कमी करायचा. पानांवर पोचल्यावर ब्रेक नाही, वळणं नाही, जोराने पायडल मारणं नाही. सायकल सरळ उभी ठेवून, हात सैल सोडून, आहे त्या वेगाने पार व्हायचं. वळण्याशिवाय इलाज नसेल तर चालण्याच्या वेगावर या आणि सायकल न झुकवता वळा. ब्रेक लावावाच लागला तर मागचा, हळुवार. मागचं चाक घसरलं तर सावरता येतं, पुढचं घसरलं की सावरायला वेळ मिळत नाही. रस्त्यावर रंगवलेले पट्टे, लोखंडी झाकणं आणि लाकडी पूल ओले असले की त्यांनाही हाच नियम. रूळ आडवे आले तर ते काटकोनात ओलांडा.

या मोसमात सूर्य दिवसभर खाली असतो आणि डोळ्यांत येतो. तुम्हाला दिसत नाही हे तुम्हाला कळतं. गाडीवाल्याला तुम्ही दिसत नाही, हे कळत नाही. त्यासाठी स्वतःच्या सावलीकडे बघा. सावली लांब पडली असेल तर ती ज्या दिशेला पडते, त्या बाजूने येणाऱ्या चालकाच्या डोळ्यांत सूर्य आहे. सावली पुढे असेल तर समोरून येणारा आंधळा झालेला असतो, मागे असेल तर मागून येणारा. चौकात वळताना हे ध्यानात ठेवा आणि भर उन्हातही दिवे चालू ठेवा.

दोघांनी मिळून चालवणं

वेगाची एकच कसोटी: पूर्ण वाक्य न धापता बोलता आलं पाहिजे. बोलणं तुटक झालं, "हं, हं" एवढंच यायला लागलं, की वेग जास्त झालाय. हे समोरच्याच्या आवाजावरून ओळखायचं, त्याने सांगायची वाट बघायची नाही.

रस्ता अरुंद झाला की एकामागे एक, आणि पुढे हळू चालवणारा. उलट केलं की मागचा माणूस पूर्णवेळ गाठायच्या धडपडीत राहतो. जो पुढे असेल त्याने रस्त्याचं बोलून दाखवायचं: "खड्डा", "पानं", "गाडी येतेय", "थांबतोय". मागच्याने निदान एका सायकलीचं अंतर ठेवायचं आणि आपलं पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला घुसू द्यायचं नाही. चाकाला चाक घासलं तर पडतो तो मागचाच.

गिअर हलका ठेवा. पाय मिनिटाला साठ-सत्तर वेळा सहज फिरत राहिले की गुडघ्यांवर भार येत नाही. पहिला थांबा पंधरा-वीस मिनिटांनी मुद्दाम घ्या, कुणी दमलं नसलं तरी. जाकीट काढायचं असतं, सीट एखादं बोट वर-खाली करायची असते, आणि ते मागायला मित्राला संकोच वाटू नये. मडगार्डमधून टर्रर्र असा आवाज येऊ लागला तर बहुतेक वेळा पानाचा देठ आत अडकून टायरला घासत असतो. थांबा, चाक अर्धा वेढा उलटं फिरवा, देठ सैल होऊन बाहेर डोकावतो. चाक फिरत असताना हात घालू नका.

दुकानाशी पोचल्यावर

जागा निवडताना कॉफीच्या चवीइतकंच महत्त्व सायकल नजरेसमोर राहण्याला द्या. खिडकीजवळचं टेबल मिळालं तर उत्तम. कुलूप जमिनीत रोवलेल्या भक्कम खांबाला लावा. आधी खांब हलवून बघा, आणि सायकल वरून उचलून काढता येईल इतका तो बुटका नाही ना तेही बघा. इंग्रजी यू आकाराचं कुलूप चौकट आणि मागचं चाक या दोन्हींतून जायला हवं. दोघांच्या सायकली उलटसुलट तोंडाने एकमेकींना खेटून उभ्या केल्या आणि दोन्ही कुलपं दोन्ही सायकलींतून घातली, तर चोराला दोन कुलपं तोडावी लागतात. दिवे आणि पंप काढून सोबत घ्या.

आत गेल्यावर क्रम असा ठेवा: शर्ट बदला, पाणी प्या, मग कॉफी. तहानेवर गरम कॉफी घाईने प्यायली जाते आणि चव लागत नाही. एका एस्प्रेसोत साधारण ६० मिलिग्रॅम कॅफीन असतं, फिल्टर कॉफीच्या मोठ्या कपात ९०च्या पुढे. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन सुरक्षित मानलं. त्यात दोन कप आरामात बसतात, पण वेळ पाहा. शरीरातलं निम्मं कॅफीन जायला साधारण पाच तास लागतात. तीनला प्यायलेल्या कॉफीचा तिसरा हिस्सा रात्री अकराला अंगात असतोच. झोप हलकी असणाऱ्याने दुपारच्या फेरीत कॅफीन काढलेली कॉफी मागवावी.

सोबत थोडं खा. पोट गच्च भरलं की परतीचे पहिले दोन किलोमीटर जड जातात. आणि फोन पिशवीत ठेवा. दहा किलोमीटर पायडल मारून समोर आलेल्या माणसाला पूर्ण तास द्यावा, असं मला मनापासून वाटतं.

परत निघताना

ठरलेल्या वेळेच्या दहा मिनिटं आधी बिल मागा. जाकीट, हातमोजे, कानपट्टी आतच चढवा, बाहेर जाऊन थंडी वाजल्यावर नव्हे. कुलूप काढलं की टायर अंगठ्याने दाबून बघा. हळूहळू हवा जाणारं पंक्चर बसलेल्या तासाभरात उघडं पडतं, आणि ते वाटेत कळण्यापेक्षा इथे कळलेलं बरं. दिवे लावा. पाय आखडलेले असतात, तेव्हा पहिली दहा मिनिटं सगळ्यात हलक्या गिअरवर काढा. गप्पा रंगल्या म्हणून पानांचं वळण विसरू नका, परतीला लक्ष जास्त उडतं.

मित्राची वाट जिथे वेगळी होते तिथून त्याला एकट्याला किती जायचंय, याचा हिशेब करा. उजेड कमी असेल तर त्याला त्याच्या गल्लीपर्यंत सोडून या.

घरी आल्यावर सायकल लगेच आत ढकलू नका. चेन फडक्याने पुसा, ओली झाली असेल तर दोन थेंब तेल द्या, मडगार्डमध्ये आणि ब्रेकजवळ अडकलेली पानं काढून टाका. ओलं पान तसंच राहिलं की तिथे गंज धरतो. दिवे चार्जिंगला लावा. मग मित्राला पोचल्याचं कळवा, आणि त्याच निरोपात पुढच्या फेरीची तारीख ठरवून टाका. दोन आठवड्यांनी निघाल तेव्हा सूर्यास्त आणखी अर्धा तास अलीकडे आलेला असेल.